दंगलीच्या आधीचे काम : मोहल्ला समिती कशी उभारावी आणि कशी टिकवावी

भिवंडीत 7 मे 1970 रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी भीषण दंगल उसळली आणि तिचे लोण जळगाव व महाडपर्यंत पोहोचले. तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमावा लागला. 1984 मध्ये हे शहर पुन्हा पेटले आणि या वेळी आग ठाणे, कल्याण आणि मुंबईपर्यंत गेली. त्यानंतर आठ वर्षांनी, डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये, शेजारच्या मुंबईत सुमारे 900 माणसे मारली गेली, पण यंत्रमागांचे हे दाटीवाटीचे शहर मात्र शांत राहिले. वस्ती तीच होती आणि जुन्या जखमाही तशाच होत्या. मधल्या काळात एक महत्त्वाची गोष्ट घडली होती. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी शहरात सुमारे 70 मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या, आणि त्या समित्या सणासुदीपुरत्या न भेटता वर्षभर भेटत होत्या.

आपल्याकडे प्रत्येक पोलीस ठाण्याची एक शांतता समिती असते. सणाच्या आदल्या आठवड्यात तिची बैठक बोलावली जाते, पक्षांचे पदाधिकारी, माजी नगरसेवक आणि काही प्रतिष्ठित मंडळी येतात, चहा होतो, सहकार्याचे आवाहन होते आणि बैठक संपते. त्या माणसांची नावे वस्तीतल्या रिक्षावाल्याला ठाऊक असतात, पण रात्री अकरा वाजता गल्लीच्या तोंडाशी जमलेली पोरे त्यांचे ऐकत नाहीत. मोहल्ला समितीची कल्पना नेमकी याच्या उलट आहे. ज्यांचे ऐकले जाते अशी साधी माणसे, तुंबलेल्या गटारापासून मुलांच्या भांडणापर्यंतच्या साध्या कामांसाठी, शांततेच्या दिवसांत पुन्हा पुन्हा एकत्र बसली, तर संकटाच्या दिवशी एकमेकांना फोन करण्याइतकी ओळख त्यांच्यात आधीच झालेली असते. हे काम आपल्या शहरात किंवा मोठ्या गावात ज्यांना सुरू करायचे आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी वस्ती वाचा

समिती जाहीर करण्यापूर्वी एक-दोन महिने वस्तीत फिरण्यात घालवावेत. पूर्ण शहराचा विचार न करता एका बीटइतकाच, म्हणजे पोलीस ठाण्याच्या हद्दीतला एका अंमलदाराकडे सोपवलेला असतो तेवढाच, भाग घ्यावा, कारण एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत पायी दहा-पंधरा मिनिटांत जाता येईल एवढ्याच भागात माणसे एकमेकांना चेहऱ्याने ओळखतात. हद्द आखताना एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे. दोन समाजांच्या वस्त्यांमधला रस्ता ही समितीची सीमा होता कामा नये, तो रस्ता समितीच्या मध्यभागी यायला हवा. तंटा बहुतेक वेळा त्याच रस्त्यावर, त्याच नाक्यावर, दोन्हीकडच्या शेवटच्या दुकानांसमोर सुरू होतो, आणि तोच भाग दोन समित्यांच्या हद्दीत विभागला गेला, तर प्रत्येक समिती फक्त एका समाजाची होऊन बसते.

या पाहणीत वस्तीचा हाताने काढलेला नकाशा तयार करावा. त्यावर देवळे, मशिदी, दर्गे, बुद्धविहार, कब्रस्तान, स्मशान, शाळा, दारूची दुकाने, मुलांचे कट्टे, नळकोंडाळी, मंडपांच्या ठरलेल्या जागा आणि मिरवणुकांचे मार्ग दाखवावेत. मग वयस्क माणसांकडे बसून मागच्या भांडणांचा इतिहास विचारावा. ते कुठे झाले यापेक्षा ते कशावरून सुरू झाले, पहिला दगड पडण्याआधीच्या तासाभरात काय घडले आणि त्या दिवशी कोणी कोणाला घरात घेतले, हे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात जी नावे येतात, ती समितीची पहिली सभासद यादी असते. वादाच्या जागांचे कागद पाहणेही याच टप्प्यात उरकावे. भिंत कोणाची, मोकळी जागा महसूल दफ्तरी कोणाच्या नावावर आहे, प्रार्थनास्थळाच्या वाढीव बांधकामाची परवानगी आहे की नाही, ही माहिती भांडण पेटल्यावर शोधू लागले तर तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

सभासद कोण असावेत

भिवंडीत कोकणी मुसलमान, उत्तर प्रदेशातून आलेले मागकामगार, पद्मशाली विणकर, आगरी गावकरी आणि मराठी व्यापारी असे अनेक समाज शेजारी राहतात. तेव्हा ‘हिंदू आणि मुसलमान निम्मे निम्मे’ एवढ्या हिशेबाने भागत नाही. संख्येचा समतोल हवाच, पण प्रत्येक गल्लीतून आणि प्रत्येक व्यवसायातून माणूस यायला हवा. पानटपरीवाला, रिक्षा स्टँडवरचा माणूस, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती, केबलवाला, शाळेतले शिक्षक, दवाखाना चालवणारे डॉक्टर, गणेश मंडळाचा आणि जुलूस कमिटीचा प्रत्येकी एक कार्यकर्ता, व्यायामशाळेचा उस्ताद ही मंडळी दिवसभर वस्तीत असतात आणि बदललेले वारे त्यांना सर्वांत आधी कळते.

स्त्रिया एक तृतीयांशाहून कमी असू नयेत. हा आकडा सौजन्यापोटी सांगितलेला नाही. बाहेरून अनोळखी मुले येऊन कट्ट्यावर बसू लागली, कोणाच्या गच्चीवर विटांचे तुकडे जमा झाले, एखाद्या घरातला तरुण चार दिवस रात्री उशिरा येऊ लागला, या गोष्टी पाण्याच्या रांगेत पुरुषांच्या बैठकीपेक्षा कितीतरी आधी बोलल्या जातात. त्यासाठी बैठकीची वेळ आणि जागा त्यांना जमेल अशी ठरवावी. रात्री साडेनऊला पोलीस चौकीत बैठक ठेवायची आणि बायका येत नाहीत असे म्हणायचे, यात अर्थ नाही.

निवडणूक लढवण्याची इच्छा असलेल्या माणसाला निमंत्रक करू नये. पक्षांचे कार्यकर्ते सभासद असायला हरकत नाही, परंतु समितीच्या नावाने फलक, वाढदिवसाची होर्डिंगे किंवा देणगीच्या पावत्या छापल्या जाणार नाहीत, असा ठराव पहिल्याच बैठकीत करावा. गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या माणसाचा प्रश्न अवघड आहे. वस्तीत दबदबा असलेल्या अशा माणसाला आत घेतले तर तो मुलांना आवरेल, असे सांगितले जाते. माझे मत याविरुद्ध आहे, कारण समितीने दिलेली प्रतिष्ठा तो आपल्या धंद्यासाठी वापरतो आणि साधी माणसे हळूहळू यायची थांबतात. त्याच्याशी बोलणे ठेवावे, पण त्याला सभासदत्व देऊ नये.

पोलिसांचे स्थान

भिवंडीच्या प्रयोगातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे समितीची जबाबदारी वरिष्ठ अधिकाऱ्याकडे न ठेवता फौजदार आणि शिपाई यांच्याकडे सोपवली गेली. उपायुक्तांशी वस्तीतल्या माणसाचा संबंध वर्षातून एकदा येतो, बीट अंमलदाराशी तो रोज येतो. दंगलीच्या रात्री गल्लीत पहिला उभा राहणारा पोलीसही तोच असतो, आणि त्याने त्या गल्लीतल्या मुलाला नावाने हाक मारली तर पुढचे बरेच काही टळते.

म्हणून पोलीस निरीक्षकांना भेटून लेखी विनंती करावी की, आपल्या बीटचा अंमलदार दर बैठकीला हजर राहावा आणि बंदोबस्ताच्या कारणाने त्याला जमले नाही तर त्याचा बदली माणूस यावा. त्याच भेटीत एक मर्यादाही स्पष्ट करून घ्यावी. समिती ही गोपनीय शाखेची शाखा नव्हे. सभासदांनी शेजाऱ्यांची नावे पुरवायची आणि पोलिसांनी ती वहीत उतरवायची, असा समज एकदा पसरला, की समिती त्या समाजापुरती संपलीच. घातपाताची किंवा जीवितहानीची खात्रीलायक माहिती कळली तर ती तत्काळ दिली पाहिजे, हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. त्यापलीकडे समितीच्या बैठकीत जे बोलायचे ते सर्वांसमोर बोलावे.

बैठक, वही आणि छोट्या तक्रारी

पंधरा दिवसांतून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, तासाभराची बैठक असावी. जागा आलटून पालटून घ्यावी. एकदा शाळेच्या वर्गात, एकदा मदरशाच्या ओसरीवर, एकदा देवळाच्या सभामंडपात, एकदा विहारात. ज्यांनी तीस वर्षे शेजारी राहून एकमेकांच्या प्रार्थनास्थळाचा उंबरठा ओलांडलेला नसतो, त्यांच्यासाठी ही बैठकही पुष्कळ काही करते.

पहिले सहा महिने बैठकीत एकोप्यावर भाषणे होऊ देऊ नयेत. विषय घ्यावेत ते तुंबलेल्या गटाराचे, बंद पथदिव्याचे, कचऱ्याच्या गाडीचे, मागाच्या कारखान्यातून रस्त्यावर येणाऱ्या पाण्याचे. जिथे अंधार आहे तिथेच छेडछाड होते आणि त्यावरून समाजासमाजांत तेढ वाढते, तेव्हा पथदिवा लावून घेणे हेही हिंसा टाळण्याचेच काम आहे. महापालिकेला दिलेल्या अर्जावर दोन्ही समाजांच्या माणसांच्या सह्या एकाखाली एक असाव्यात, आणि काम झाल्याचे पुढच्या बैठकीत मुद्दाम सांगावे.

त्यानंतर येतात त्या अदखलपात्र तक्रारी. पोलीस ठाण्यात रोज नोंदल्या जाणाऱ्या एनसींमध्ये शिवीगाळ, धक्काबुक्की, पार्किंग, गच्चीवरचे पाणी आणि मुलांची भांडणे यांचा मोठा भरणा असतो. ठाणे अंमलदार नोंद करून कागद हातात देतो, न्यायालयाच्या आदेशावाचून पोलिसांना तपास करता येत नाही आणि तक्रारदार मनात राग धरून घरी जातो. समजा, एका मुलाची मोटारसायकल दुसऱ्या समाजाच्या दुकानदाराच्या पाटीला घासली, शिव्या दिल्या गेल्या आणि एनसी झाली. समितीने तिसऱ्या दिवसाच्या आत दोन सभासद, प्रत्येक समाजाचा एक, आधी दुकानदाराकडे आणि मग मुलाच्या घरी पाठवावेत. दोघांचे म्हणणे वेगवेगळे ऐकावे, मुलाच्या वडिलांऐवजी आधी मुलालाच बोलू द्यावे, पाटीच्या दुरुस्तीचा खर्च कोण देणार हे ठरवावे आणि दोघांच्या सह्यांनी ते वहीत चार ओळींत लिहावे. वहीत धर्म लिहू नये, गल्ली आणि कारण लिहावे. वर्षभराने ती वही चाळली, की कोणत्या नाक्यावर, कोणत्या महिन्यात, कशावरून ठिणग्या पडतात ते स्वच्छ दिसू लागते, आणि कोणत्याही तज्ज्ञाच्या अहवालापेक्षा ते चित्र अधिक खरे असते.

समितीने कशाला हात लावू नये, हे तितक्याच ठामपणे ठरवावे लागते. बलात्कार, विनयभंग, घरातील मारहाण, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार यांत तडजोड घडवून आणण्याचा समितीला अधिकार नाही. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना न देणे हा पॉक्सो कायद्याखाली गुन्हाच आहे. अशा प्रकरणी समितीचे काम एवढेच की, पीडित व्यक्तीला सोबत द्यावी, पोलीस ठाण्यापर्यंत आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणापर्यंत पोहोचवावे आणि तक्रार मागे घेण्यासाठी तिच्यावर दबाव येऊ देऊ नये. आंतरधर्मीय किंवा आंतरजातीय विवाहाची प्रकरणेही याच नियमात बसतात. दोन सज्ञान व्यक्तींनी घेतलेला निर्णय समितीसमोर चर्चेला येऊ शकत नाही, त्यांच्या जिवाला धोका असेल तर संरक्षण मिळवून देणे एवढेच करता येते. कोणाला दंड करणे, वाळीत टाकणे, कोणाच्या दुकानातून माल घेऊ नका असे सांगणे, यांपैकी काहीही झाले तर ती मोहल्ला समिती राहत नाही, ती जातपंचायत होते. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार हा स्वतंत्र कायद्याने गुन्हा ठरलेला आहे.

सणांचे पंचांग आणि मिरवणुकीचा मार्ग

या कामातला सर्वांत मोठा भाग सणांचा असतो आणि तो सर्वांत आधी करून ठेवता येतो. भाद्रपद शुद्ध चतुर्दशी आणि रबीउल अव्वलची 12 तारीख या दोन्ही चांद्र तिथी आहेत. म्हणून हे दोन महिने एकदा जुळले, की अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद सलग दोन-तीन वर्षे एकमेकींच्या अंगावर येतात आणि अधिक मास मध्ये पडला, की ती गाठ सुटते. 2023 मध्ये दोन्ही एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आल्या, 2024 आणि 2025 मध्ये एका दिवसाच्या अंतराने आल्या. तसेच 2015 ते 2017 या वर्षांत दसरा आणि मोहरम, 2018 ते 2020 मध्ये गणेशोत्सव आणि मोहरम, आणि 2022 व 2023 मध्ये आषाढी एकादशी व बकरी ईद एकत्र आल्या होत्या. पंचांग आणि हिजरी दिनदर्शिका शेजारी ठेवून पुढच्या पाच वर्षांच्या अशा जोड्या आधीच काढता येतात, आणि ते काम समितीतल्या दोन तरुणांना जोडीने द्यावे.

एकदा जोडी कळली, की वाटाघाटीला वर्षभर मिळते. 2023 मध्ये मुंबईत आणि राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिम संघटनांनी जुलूस 29 सप्टेंबरला काढण्याचा निर्णय घेतला, आणि पुढच्या दोन वर्षांतही मुंबईत जुलूस पुढे ढकलला गेला. कुर्बानी तीन दिवसांत केव्हाही करता येते, त्यामुळे एकादशीचा दिवस टाळणे धार्मिकदृष्ट्या शक्य असते, आणि अनेक गावांतील मुस्लिम समाजाने ते आपणहून केलेले आहे. मात्र प्रत्येक वेळी एकाच समाजाने मागे सरकायचे, असा पायंडा पडू नये याची काळजी समितीने घ्यावी. एका वर्षी जुलूस पुढे गेला असेल, तर मंडळांनीही नमाजाच्या वेळी वाद्ये थांबवणे किंवा मिरवणूक तासभर आधी काढणे अशी आपली बाजू उचलावी, आणि हे दोन्ही निर्णय एकाच कागदावर, एकाच दिवशी लिहावेत.

मार्गाची पाहणी मिरवणुकीच्या महिनाभर आधी, मंडळाचे कार्यकर्ते, मशिदीचे विश्वस्त, बीट अंमलदार आणि वीज कंपनीचा वायरमन यांनी मिळून पायी चालत करावी. मूर्तीची किंवा ताबुताची उंची आणि लोंबणाऱ्या तारा, वळणावर ट्रॉली अडकण्याची जागा, रचून ठेवलेल्या विटा आणि खडी, बांधकामाच्या उघड्या गच्च्या, हे सारे टिपावे. ट्रॉली नेमकी प्रार्थनास्थळासमोरच्या वळणावर अर्धा तास अडकली, मागच्या गर्दीला कारण कळले नाही आणि घोषणा सुरू झाल्या, एवढ्याने भांडण सुरू होऊ शकते. तेव्हा ते वळण आधीच मोकळे करून घेणे हे शंभर आवाहनांहून उपयोगी आहे. अशा जागी त्या दिवशी दोन्ही समाजांचे सभासद एकत्र उभे राहावेत, पाणी द्यावे आणि मिरवणूक पुढे सरकवावी. गाण्यांची यादी मंडळाने आधी पाहून घ्यावी. दुसऱ्या समाजाला डिवचणारी गाणी हेच अलीकडच्या अनेक तंट्यांचे मूळ आहे, आणि ती वाजवणारा डीजेवाला बहुधा बाहेरगावचा असतो, त्याला वस्तीचे काही देणेघेणे नसते. सुपारी देतानाच ही अट लेखी घालावी.

अफवा

समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात फक्त सभासद आणि बीट अंमलदार असावेत, आणि त्यावर सुप्रभात, राजकारण व आलेले संदेश पुढे पाठवणे यांना पूर्ण बंदी असावी. ‘अमक्या ठिकाणी विटंबना झाली’ असा संदेश आला, की तीन गोष्टी विचाराव्यात : जागा नेमकी कोणती, पाहणारा माणूस कोण, आणि फोटो किंवा चित्रफीत आजचीच आहे हे कशावरून. त्या जागेच्या सर्वांत जवळ राहणारे दोन सभासद, दोन समाजांचे, एकत्र जाऊन पाहतात आणि पंधरा मिनिटांत आवाजी संदेश पाठवतात. लिहिलेल्या मजकुरापेक्षा ओळखीचा आवाज वस्तीत लवकर पटतो. घटना खोटी असेल तर तसे सांगावे. खरी असेल तर ती लपवू नये, कारण एकदा खोटा दिलासा दिलेल्या माणसावर पुढच्या वेळी कोणी विश्वास ठेवत नाही. ‘घटना घडली आहे, पोलीस जागेवर आहेत, तक्रार नोंदवली जात आहे, आम्ही येथे उभे आहोत’, एवढे पुरे. मूळ चित्रफीत मात्र कोणीही पुढे पाठवू नये. ती पोलिसांकडे द्यावी, कारण तेढ वाढवणारा मजकूर पसरवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 व 353 खाली गुन्हा ठरू शकतो.

तणावाची रात्र

जमाव जमल्यावर समितीने मध्ये पडून नायकत्व दाखवू नये. 112 वर फोन करणे आणि बीट अंमलदाराला कळवणे हे पहिले काम. त्यानंतर प्रत्येक सभासदाने आपापल्याच समाजाच्या मुलांकडे जावे. दुसऱ्या समाजाच्या जमावासमोर जाऊन समजूत घालण्याचे धाडस जिवावर बेतू शकते आणि त्याचा उपयोगही क्वचितच होतो. मुलांना एकत्र गोळा करून बोलू नये, एकेकाला नावाने हाक मारून बाजूला घ्यावे आणि घरी पोहोचवावे. त्यांच्या आया या वेळी सर्वांत प्रभावी ठरतात, म्हणून महिला सभासदांनी घरोघरी जाऊन त्यांना दारात उभे करावे. अल्पसंख्य असलेल्या गल्लीतली वृद्ध माणसे, गरोदर स्त्रिया आणि आजारी यांची यादी आधीच केलेली असावी आणि त्यांच्यासाठी जवळचे एक घर ठरलेले असावे. रात्रभर जोडीने गस्त घालायची असेल, तर ती पोलिसांना कळवून, हातात काठी न घेता घालावी. जमावबंदी लागू असेल तर गस्तही थांबवावी.

दुसऱ्या दिवसापासून समितीचे काम वाढते. अटक झालेल्यांच्या नावांवरून नव्या अफवा उठतात, निरपराध मुलगा पकडला गेल्याची तक्रार येते आणि खरा दोषी सुटल्याचीही येते. दोन्ही समाजांचे सभासद मिळून निरीक्षकांना भेटावे, निरपराधांविषयीचे पुरावे लेखी द्यावेत आणि आपल्या समाजाचा म्हणून कोणाही दोषीची शिफारस करू नये. जळालेल्या दुकानाचा पंचनामा लवकर व्हावा यासाठी तलाठ्याकडे दोघांनी मिळून जावे.

समिती टिकवणे

5 जुलै 2006 रोजी भिवंडीत कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाण्याची इमारत बांधण्यावरून वाद पेटला, पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसे मेली आणि त्यानंतर जमावाने दोन पोलिसांना ठार मारले. 1992 मध्ये शांत राहिलेल्या शहरात हे घडले, आणि येथे भांडण दोन समाजांत नव्हते, ते एक समाज आणि पोलीस यांच्यात होते. पोलिसांच्या निर्णयावर वस्तीत नाराजी असेल, तर ती मांडण्याची जागाही समितीची बैठकच असली पाहिजे, आणि त्या बैठकीला त्या दिवशी अंमलदाराबरोबर निर्णय घेणारा अधिकारीही आला पाहिजे, हा धडा मी यातून घेतो.

अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतो, आणि उत्साही अधिकाऱ्याने उभारलेली समिती त्याच्या बदलीबरोबर विरून जाते. मुंबईत 1993 नंतर माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश सहानी, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोहल्ला कमिटीची चळवळ उभी केली. ती तीन दशके टिकली याचे एक कारण असे की, तिची धुरा नागरिकांकडेही होती. तेव्हा निमंत्रकपद पोलिसांकडे एकट्याने ठेवू नये, वही आणि नकाशा नागरिक निमंत्रकाकडे असावा. निमंत्रक दर वर्षी बदलावा आणि दोन्ही समाजांत फिरता ठेवावा. सलग तीन बैठकांना न येणाऱ्या सभासदाच्या जागी त्याच गल्लीतला दुसरा माणूस घ्यावा, आणि दर वर्षी निदान पाच सभासद पंचवीस वर्षांखालचे यावेत, ज्यांना मागच्या दंगलीची आठवण नाही. नवा निरीक्षक रुजू झाला, की पहिल्या आठवड्यातच समितीने त्याला भेटून मागच्या वर्षाच्या वहीचा सारांश, नकाशाची प्रत आणि पुढच्या सणांच्या जोड्यांची यादी हातात द्यावी, आणि पुढच्या बैठकीची तारीख तिथेच ठरवून घ्यावी.